बाजारात लंगडी म्हणायचं नाही

८ जाने., गुरुवार. राहाता बाजार

आज भारी झालं. संगमनेरकडचा कोणी व्यापारी, ओळख ना पाळख, एका गायीच्या मागून चालत होता. गाय मागचा डावा पाय उचलून टाकत होती. तो जोडीदाराला हळूच म्हणाला, "मिलिंद हाय ही." जोडीदार म्हणाला, "सोड मग." गेले पुढं.

माझ्या नाकात चहा गेला. माझा शब्द. दसऱ्याला काढला आणि आज संगमनेरच्या तोंडात.

अण्णा आमचा मालक, गायींचा व्यापारी. त्याचा नियम आहे, बाजारात जनावराची खोड मोठ्यानं बोलायची नाही. लंगडी, काणी, तीन सडाची, काही नाही. गिऱ्हाईक ऐकतं. मी नवीन होतो तेव्हा बोलून गेलो, अण्णा, ही लंगडती का हो. गिऱ्हाइकानं सौद्यासाठी टॉवेलखाली घातलेला हात काढून घेतला आणि चालू लागलं. अण्णानं सगळ्यांसमोर कानफाडात दिली. वर म्हणाला, लई तोंड चालतं ना तुझं, मग काढ एखादा शब्द, आपल्या आपल्यात चालंल असा. मी म्हणालो, मिलिंद म्हणू. सगळे हसून आडवे.

कारण मि.भाऊ. आमचे धारा काढणारे मिलिंदभाऊ. गिऱ्हाइकासमोर गाय पिळून दाखवायचं काम त्यांचं. असा हात जिल्ह्यात नाही, दूध चोरणारी गाय पण त्यांना पान्हा सोडते. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. त्या वेळी ते चहा सांगायला गेले होते. अजून त्यांना माहीत नाही. त्यांच्यासमोर कोणी म्हणत नाही, एवढी अक्कल आहे लोकांना.

मी आणखी पण काढले होते. म्हाताऱ्या गायीला आत्याबाई, लाथाडणारीला पीएसआय. चालले नाहीत. हाच चालला.

११ जाने., रविवार. देवळाली प्रवरा

बाजार नाही. मि.भाऊंच्या पडवीत पडून. दिवाळीपासून इथंच. अण्णा म्हणाला होता गोठ्यात झोप. मि.भाऊ म्हणाले, गोठ्यात कशाला, घर हाय की. वहिनी भाकरी देते, किती दिवस राहणार कधी विचारत नाही. गावी, खर्ड्याला, आईला फोन करायचा होता. राहिला.

श्रावणीनं (त्यांची मुलगी, आठवीत) काल शाळेतून नवीनच आणलं. बाईंनी सांगितलंय, आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, येडा हे शब्द शिवीसारखे वापरायचे नाहीत. तक्ता करून भिंतीला लावला. मला म्हणते, "अक्षयकाका, आजपासून बंद."

बरं म्हणालो. मग तांब्याला पाय लागला, आंधळा झालो का काय मी. एक झालं. पिकअपवाल्याला फोन, बहिरा हायस का. दोन. मोबाईल अडकला, येडं झालंय हे. तीन. ती वहीत रेघा मारत बसली. दहा वाजेपर्यंत बावीस. शेवटी गप्प बसलो तर म्हणते, "आता मुक्यासारखं काय बसलाय?" आणि स्वतःच जीभ चावली. मि.भाऊंना हसून ठसका लागला.

मी विचारलं, भाऊ, अण्णा तुम्हाला दिवसातून पन्नासदा लंगड्या म्हणतो, राग नाही येत?

म्हणाले, "पाय हाय तसा हाय. त्याला दिसतो, तो म्हनतो. मला त्याचं पोट दिसतं, मी म्हनत न्हाई. एवढाच फरक." आणि बकरीला पाला टाकायला उठले.

बाई शहाण्या असतील. पण हे शब्द काढले तर माणूस बोलणार काय. माझ्या मोबाईलमध्येच बघितलं. काण्या टेम्पो. बहिरा चारा. थोटा पानटपरी. खरी नावं माहीत नाहीत. थोट्याचा हात रसवंतीच्या चरकात गेलाय. हाक मारली की दुसऱ्या हातानं बरोबर पान लावून देतो. त्याला साहेब म्हटलं तर मागं वळून बघेल कोण आलं म्हणून.

१४ जाने., बुधवार. लोणी

संक्रांत. शिंगांना सगळ्यांनी नवा निळा रंग मारलाय. एकीचा ओला होता. शर्ट गेला माझा.

आपल्या तांबड्या गायीचा मागचा खूर कुजलाय. अण्णानं सकाळी दुखायचं इंजेक्शन दिलं. चार तास नवरीसारखी चालते. चाल दाखवायची वेळ आली की कासरा माझ्या हातात. मि.भाऊंच्या हातात कधीच नाही. लंगडणाऱ्या माणसाशेजारी चांगली गाय पण लंगडी दिसते. आज ते बादली घेऊन जवळच उभे होते तर अण्णा गिऱ्हाइकासमोर ओरडला, "ए लंगड्या, लांब हो, जनावराची चाल बिघडवतो." गिऱ्हाईक हसलं, मी हसलो, मि.भाऊ पण हसले आणि लांब झाले. हसलेल्या माणसाचा सौदा लवकर जमतो, अण्णाला पक्कं माहीत आहे.

माणसाला म्हटलेलं चालतं. गायीला नाही.

पारनेरकडचं नवराबायको होतं. बाईनं गायीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ चारला. गाडीत चढवताना मी अण्णाला म्हणालो, संध्याकाळी ह्यांच्या दारात मिलिंद उतरणार. अण्णानं पाठीवर थाप मारली. लई दिवसांनी.

१९ जाने., सोमवार

श्रावणी शाळेतून आली, दप्तर टाकलं, जेवली नाही. वहिनीनं विचारलं. मग बापाचा मोबाईल घेऊन रील दाखवली.

चंदूनं काढलेली. चंदू म्हणजे बाजारात आमच्या शेजारच्या दावणीवरचा गडी. एक लंगडी गाय चाललीय आणि मागून त्याचा आवाज, काय मिलिंद, कसं काय, पाय घरी राहिला का? खाली लोकांनी हसून हसून लिहिलंय. एकानं लिहिलंय, आमच्या गोठ्यात पण दोन मिलिंद आहेत, कोणी फुकट न्या.

वर्गातल्या पोरांनी हिला विचारलं, तुझ्या बापाची रील ना?

मि.भाऊंनी तीनदा बघितली. मग म्हणाले, "माझं नाव हितं कसं आलं?" मग माझ्याकडं बघितलं. तुला मोबाईलमधलं कळतं, हे नाव कुनी काढलं शोधून दे मला.

बघतो म्हणालो.

रील मी चार दिवसांपूर्वीच बघितली होती. लाइक केली होती. परसात जाऊन लाइक काढून घेतलं.

२० जाने., मंगळ.

सकाळी मि.भाऊ बकरीपाशी बसून बोलत होते, माझ्याशी की बकरीशी कळेना. त्यांच्या आज्याचं नाव धोंडिबा. गावानं धोंडिबा कधी म्हटलं नाही. धोंड्या, आणि त्याला जोडून जात. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तरी गावाच्या तोंडात धोंड्याच. बापानं ठरवलं, पोराचं नाव आपल्या धर्मातलं ठेवायचं आणि ते मोडू द्यायचं नाही. मिलिंद. कोणी मिलिंद्या म्हटलं की बाप ह्यांना ओ देऊ द्यायचा नाही. मास्तर असो नाहीतर पाटील. ओ दिली नाही म्हणून शाळेत छड्या खाल्ल्या. हातावर. पायावर मारलं तर बरं दिसलं नसतं.

"पुरं नाव घ्यायला लावलं गावाला. पंधरा वर्सं लागली," म्हणाले.

मी ऐकत होतो, पण बकरीच्या गळ्यात सायकलच्या ट्यूबचा पट्टा होता, त्यावर कंपनीचं नाव दिसत होतं ते वाचत बसलो. माझं असंच होतं. माणूस मनापासून बोलायला लागला की मला भलतंच काहीतरी दिसतं.

शेवटी म्हणाले, हे चंदूचंच काम असनार.

मी म्हणालो, असेल.

२२ जाने., गुरुवार. राहाता

मि.भाऊंनी चंदूची गचांडी धरली. भर बाजारात, दावणीच्या मधोमध. ह्या माणसाला एवढ्या दिवसांत आवाज चढवताना बघितलं नव्हतं. चंदू घाबरला पहिल्यांदा. मी कशाला काढू, म्हणाला, सगळा बाजार म्हनतो, मी नुसती रील केली. आणि ढकललं. मि.भाऊंचा डावा पाय आधीच हवेत, उजवा शेणावरून घसरला. बसले खाली. पांढरा पायजमा.

मागून कोणीतरी म्हणालं, "मिलिंद बसला रं."

दोन्ही दावणी हसल्या. मी पण. मी कासरा धरून उभा होतो, तोंड वळवलं, पण ते हसून झाल्यावर.

अण्णा आला आणि चंदूला नाही, मि.भाऊंनाच बोलला. धंद्याच्या टायमाला तमाशा नको. त्यांनी उठून हात धुतले आणि राहिलेल्या तीन गायींच्या धारा काढल्या. एकीनंही पाय हलवला नाही.

२३ जाने.

राहुरी फाट्यावर डाळिंबाचा ट्रक उभा होता, हैदराबादला निघालेला. ड्रायव्हर बीडचा, गप्पिष्ट. चल म्हणाला, क्लीनर पळालाय. हैदराबाद बघितलं नाही मी. आजवर नऊ ठिकाणं सोडली, एकाही ठिकाणी सांगून नाही. चहा होईपर्यंत जवळजवळ ठरलंच होतं. पिशवी घ्यायला घरी आलो.

वहिनी मि.भाऊंची कंबर शेकत होती. विटकर तापवून, फडक्यात गुंडाळून. मला म्हणाली, "तुमी हाय म्हनून बरं हाय भाऊजी. ह्यांला बाजारात आपलं म्हनायला एक मानूस लागतंच ना."

पिशवी परत खुंटीला. ट्रक गेला असेल.

२६ जाने., सोमवार

झेंडावंदन. श्रावणीचं भाषण होतं. मी सतरा वेळा ऐकलंय, मलाच पाठ झालंय. मि.भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत, मी मागं.

मास्तरांनी माइकवर नाव पुकारलं. शाळेत पूर्ण पुकारतात, पोराचं, बापाचं, आडनाव. श्रावणी मिलिंद म्हटलं आणि आडनावाच्या आधीच मागच्या रांगेतून हंबरल्याचा आवाज आला. मग दुसरीकडून. मग एक पोरगं उठून एक पाय ओढत दोन पावलं चाललं आणि खाली बसलं.

ती स्टेजच्या पायरीपर्यंत गेली होती. वळली आणि सरळ गेटबाहेर. बाईंनी ती सगळी रांग उन्हात उभी केली. पण कोण, ते कोणी सांगितलं नाही.

दुपारी आईला विचारत होती, मधलं नाव बदलता येतं का? बापाच्या जागी आईचं लावता येतं का? मि.भाऊ पडवीत होते. ऐकू गेलं. उठले, चप्पल घालायला गेले तर डाव्या पायाचा अंगठा दोनदा चुकला. मग अनवाणीच गेले.

मी तिथंच होतो. त्या क्षणी बोललो असतो तर

२८ जाने., बुधवार. लोणी

मि.भाऊ आले नाहीत. धारा मला काढायला लावल्या. गायीनं दूध चोरलं, पाऊण बादली पण नाही, गिऱ्हाइकानं बघूनच नाक मुरडलं. दुसरीनं मांडीवर लाथ घातली. काळंनिळं.

अण्णा पेटला. बोलाव त्या लंगड्याला, म्हणाला. मी म्हणालो, त्यांना नावाचं लागलंय. अण्णा हसला. "त्यात काय लागायचं? उलट त्याचं नाव संगमनेरपोतर नेलं आमच्या पोरानं. उद्या न्हाई आला तर मीच जाऊन सांगतो कुनी नेलं ते. म्हंजी राग जाईल त्याचा, घरचंच मानूस निघालं म्हनून." आणि पुन्हा हसला.

सांगेल हा. नक्की सांगेल.

२९ जाने., गुरुवार. सकाळ

काल आल्या आल्या सांगितलं. मि.भाऊ शेजाऱ्यांच्या गायीखाली बसले होते. मी मागं उभा राहून म्हणालो, भाऊ, ते चंदूनं नाही काढलं. मी काढलं. दसऱ्याला.

धार थांबली नाही. बादलीतला आवाज तसाच, एकसारखा. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत सांगणार तेवढ्यात म्हणाले,

"लंगड्या म्हनायचं हुतं. लंगड्याची गाय म्हनायचं. पाय सगळ्यांला दिसतो, त्यात लपवायचं काय हाय? नाव कशाला घेतलं?"

गायीला लंगडी म्हणायचं नव्हतं म्हणून, म्हणालो. दुसरं काय सांगणार.

"अण्णाचा मेव्हना, दिलीपराव. त्योबी लंगडतो. माझ्यापरीस जास्त. दर गुरुवारी बाजारात खुर्ची टाकून बसतो. त्याचं नाव न्हाई सुचलं?"

"न्हाई सुचलं."

"न्हाई सुचलं," ते म्हणाले. कासेकडंच बघत. मग, "खरं बोलला. तुला सुचनारच न्हवतं."

गाय पिळून झाली. बादली उचलली. जाता जाता म्हणाले, तू लावलंय, तूच काढ. कसं ते मला इचारू नको, लावताना इचारलं न्हवतं.

घरातून जा म्हणाले नाहीत. म्हटले असते तर सोपं होतं.

दिलीपदाजींची खुर्ची आल्यापासून मीच उचलतोय. गाडीतून काढायची, सावलीत टाकायची, हात धरून बसवायचं. तीस एकर ऊस. आणि त्यांना लंगडताना बघितलंय असं मला काल भाऊ बोलेपर्यंत आठवलंच नव्हतं. त्यांच्या पायाला आपलं जरा त्रास आहे. सगळे असंच म्हणतात, पायाला जरा त्रास आहे.

१ फेब्रु., रविवार

श्रावणी बोलत नाही. वहिनी भाकरी झाकून ठेवते, हातात देत नाही. मि.भाऊ बोलतात, पण कामापुरतं. भिंतीवरचा तक्ता आहे तसाच. त्यात मिलिंद हा शब्द नाही. बाईंना काय माहीत.

५ फेब्रु., गुरुवार. राहाता

मि.भाऊ कामावर आले. काम माझं हाय, मी का घरी बसू, म्हणाले.

अकराच्या सुमारास एक शेतकरी, डोक्याला मफलर, गायीच्या मागून चालून बघत होता. मला विचारतो, "मिलिंद तर न्हाई ना हो?" गिऱ्हाईक विचारतंय. ज्याच्यापासून लपवायला शब्द काढला तेच. मि.भाऊ दोन हातांवर, कासेखाली.

मी म्हणालो, लंगडी हाय. मागचा डावा. सकाळी इंजेक्शन दिलंय.

मोठ्यानं म्हणालो. गिऱ्हाईक माझ्याकडं बघत राहिलं, मग गेलं. अण्णानं मारलं, ह्या वेळी कानफाडात नाही, कासऱ्यानं. दोन वळ आहेत. लिहिताना हात नीट वळत नाही.

राग उतरल्यावर म्हणाला, तसाबी त्यो शब्द आता कामाचा ऱ्हायला न्हाई, शेंबडं पोरगं बी वळखतंय. नवा काढ. मी म्हणालो, अक्षय म्हणा. माझंच घ्या.

चंदू पण हसला. अण्णा म्हणाला, "तुझे दोन्ही पाय धड. तुला बघून कुनाला आठवनार? आनि अक्षय माझ्या भाच्याचं नाव हाय, जिभंला आवर घाल." गुरुवारपर्यंत नवं नाव दे, नाहीतर तुझी पिशवी घे.

मि.भाऊ कासेखालूनच म्हणाले, "कुनाचं घेतो बघू."

९ फेब्रु., सोमवार

दिवसभर लंगडी माणसं आठवतोय. मेंढरामागचा रामा. देवळापुढं बसते ती पारूबाई. वीटभट्टीवरची ती, नाव माहीत नाही. खर्ड्यातला किल्ल्यापाशी शेळ्या राखणारा बाबू, त्याला आम्ही लहानपणी मागून चालून दाखवायचो, तो दगड मारायचा, एक दगड माझ्या भुवईला लागला होता, अजून खूण आहे. केवढी मजा यायची. खर्ड्यापासून राहात्यापर्यंत सगळे भराभर आठवतात. दिलीप आठवावा लागतो. जोर लावून.

वहिनीला सांगितलं दिलीप म्हणणार. ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्यांची बी पोरगी हाय. श्रावनीच्याच शाळंत."

मग काय करू?

"कुनाचंच नका घेऊ."

मग अण्णा हाकलणार.

"जावा मग," म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. राखेचा हात तसाच.

मि.भाऊ दारात उभे होते. घे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

१२ फेब्रु., गुरुवार. सकाळ, गाडी भरताना

चार गायी चढवल्या. एक मागच्या पायानं धरते, उजवा उचलून टाकते. अण्णानं फळीवर चढतानाच बघितलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

दिलीपदाजी आज आमच्याच गाडीत. त्यांची गाडी गॅरेजला. पुढं बसलेत, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. मला चहा दिला त्यांनी. नाव विचारलं, खर्ड्याचा म्हटल्यावर किल्ल्याचं विचारलं. चांगला माणूस आहे. त्यांना चढवताना मी हात दिला आणि आज पहिल्यांदा पायाकडं बघितलं.

मि.भाऊ मागं, गायींजवळ. मी पण मागं, गोणीवर बसून लिहितोय. वर पानावर चार वेळा दिलीप लिहिलंय. लिहायला काही लागत नाही. म्हणून बघितलं तोंडानं, त्या गायीच्या कानापाशी, अगदी हळू, मि.भाऊंना पाठमोरा होऊन. नुसतं नाव, दाजी न लावता.

मि.भाऊ दावं आवळत होते. आवळून झालं. म्हणाले,

"मोठ्यानं म्हन."

पुढून अण्णा हॉर्न देतोय.